सूज मोजणारा पट्टा बनवताय? मग सेन्सरचं नंतर बघू

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंजिनिअरिंगच्या फायनल इयरची टीम, पोटरीभोवती गुंडाळायचा स्ट्रेच सेन्सरचा पट्टा, आत ईएसपी३२ (वायफाय-ब्लूटूथवाली छोटी मायक्रोकंट्रोलर चिप), रीडिंग मोबाइलवर. हार्ट फेल्युअर, लिम्फेडेमा (लिम्फ म्हणजे लसीका द्रव साठून येणारी सूज) आणि ऑपरेशननंतरची सूज या तिन्हीसाठी एकच डिव्हाइस करायचंय. आणि विचारलंय की सेन्सर कुठला घेऊ, ॲक्युरसी किती लागेल, आणि डेटावर मशीन लर्निंग लावलं तर सूज आधीच ओळखता येईल का.

मी हातापायाचं आकारमान मोजणाऱ्या उपकरणांवर बरीच वर्षं काम करतोय त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा. आणि सेन्सरचा प्रश्न मी मुद्दाम मागे ढकलणार आहे, कारण माझ्या अनुभवात असली प्रोजेक्ट्स सेन्सरपायी क्वचितच पडतात. ती पडतात कारण काल जिथे मोजलं तिथेच, तेवढ्याच ताणाने, तशाच अवस्थेतल्या पायावर आज मोजलं जात नाही. सूज म्हणजे फरक. एका रीडिंगला काही अर्थ नाही, दोन रीडिंगमधल्या वजाबाकीला आहे, आणि वजाबाकीत दोन्हीकडच्या चुका जमा होतात.

आधी ते तीन आजार वेगळे करा. हार्ट फेल्युअरमध्ये सूज बहुतेक वेळा दोन्ही पायांना येते, घोट्यापासून वर चढते, बोटाने दाबलं की खड्डा पडतो, आणि रात्रभर झोपून उठलं की कमी झालेली असते. म्हणजे नुसती पोटरी मोजलीत तर तुम्ही उशिरा पोचलात, पाणी आधी घोट्याशी साठतं. शिवाय या पेशंटमध्ये पायावर सूज दिसायच्या आधी काही किलो वजन वाढून गेलेलं असतं, म्हणून डॉक्टर रोज सकाळी वजन करायला सांगतात, तीन दिवसांत दोन किलोच्या वर वाढलं तर कळवा म्हणतात. मग तुमच्या पट्ट्याने साध्या वजनकाट्यापेक्षा जास्त काय सांगितलं, हा प्रश्न कोणीतरी विचारणारच आहे, त्याचं उत्तर आत्ताच शोधून ठेवा. (उत्तर असू शकतं हां, ज्यांना काट्यावर उभंच राहता येत नाही अशा पेशंटसाठी वगैरे, पण ते तुम्ही ठरवायचं.) आणि दोन्ही पाय सुजण्याची कारणं ढीगभर आहेत, किडनी, लिव्हर, ब्लडप्रेशरची अम्लोडिपिनसारखी गोळी, दिवसभर पाय लोंबकळत बसणं. पट्ट्याला यातलं काहीच कळत नाही.

लिम्फेडेमाची गोष्टच वेगळी. तो बऱ्याचदा एका बाजूला असतो, उदाहरणार्थ ब्रेस्ट कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या लिम्फच्या गाठी काढल्या की त्या हाताला. हळूहळू येतो, महिने लागतात, आणि सुरुवातीला नुसतं पाणी असतं पण पुढे तिथे चरबी आणि घट्ट तंतू तयार होतात, मग दाबून खड्डाही पडत नाही. इथे तुम्हाला महिन्यांच्या अंतराने घेतलेली रीडिंग एकमेकांशी जुळवायची आहेत. ऑपरेशननंतरची सूज, म्हणजे गुडघा घोटा वगैरे, ती तासादिवसांत बदलते, वर ड्रेसिंग असतं, टाके असतात, आणि तुम्हाला हवी ती जागा नेमकी बँडेजखाली असते.

एक पाय अचानक सुजला, पोटरी दुखतेय, तर ती शिरेतली गुठळी असू शकते आणि तिथे ट्रेंड बघत बसायचं नसतं, लगेच डॉक्टर. त्यासाठी डॉक्टर जो वेल्स स्कोअर वापरतात त्यात दोन पोटऱ्यांच्या घेरात ३ सेमीपेक्षा जास्त फरक हा एक मुद्दा आहे, गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून १० सेमी खाली मोजून. पण तो अनेक मुद्द्यांपैकी एक आहे, त्यामुळे तुमच्या ॲपने ‘फरक २ सेमीच आहे, काळजी नसावी’ असा मेसेज कधीही दाखवू नये. कधीही म्हणजे कधीही नाही.

तिन्ही एका डिव्हाइसमध्ये बसणार नाहीत. एक निवडा. मी असतो तर लिम्फेडेमाचा हात निवडला असता, कारण तुलनेला दुसरा हात हाताशीच असतो आणि जी गोष्ट महिन्यांत बदलते ती सावकाश मोजायला वेळ मिळतो. पण तुमच्या मनात पाय आहे म्हणून उदाहरणं दोन्हीची देतो.

आता गणित, कारण ॲक्युरसी किती हवी याचं उत्तर त्यातूनच निघतं. पोटरीचा घेर समजा ३६ सेमी. गोल धरली तर त्या जागी आडव्या छेदाचं क्षेत्रफळ घेराचा वर्ग भागिले ४π (चार गुणिले पाय, ३.१४ वालं), म्हणजे साधारण १०३ चौरस सेमी, म्हणजेच पायाच्या दर एक सेमी उंचीला १०३ मिली. घेर ३७ झाला की तेच १०९ होतं. घेर पावणेतीन टक्क्यांनी वाढला तर आकारमान साडेपाच टक्क्यांनी. हे दुपटीचं प्रकरण कायम लक्षात ठेवा, घेरातली टक्केवारी चूक आकारमानात दुप्पट होऊन येते. आणि लिम्फेडेमामध्ये नेहमी वापरले जाणारे उंबरठे कुठले तर दोन हातांच्या घेरात २ सेमी फरक, किंवा आकारमानात २०० मिली किंवा १० टक्के. लवकर पकडायचं म्हणणारे लोक ५ टक्क्यांवरच सावध होतात. ५ टक्के आकारमान म्हणजे घेरात अडीच टक्के, २५ सेमीच्या हातावर साधारण ६ मिलिमीटर. तर तुमची सगळी मिळून गडबड या ६ मिमीच्या बरीच खाली बसली पाहिजे. सेन्सरचं रिझोल्यूशन ०.०१ मिमी आहे असं डेटाशीटमध्ये वाचून खूश होऊ नका.

का ते सांगतो. मनगटाचा घेर समजा १७ सेमी आणि तिथून २० सेमी वर कोपराखाली २७. म्हणजे हात दर सेमीला अर्धा सेमी जाड होत जातो. पट्टा एक सेमी वर सरकला की रीडिंग ५ मिमीने वाढलं! सूज शून्य, आणि तुमचं ६ मिमीचं जवळजवळ सगळं बजेट पट्टा सरकण्यातच संपलं. कुठलाही सेन्सर घ्या, कॅपॅसिटिव्ह घ्या, ऑप्टिकल घ्या, हे ५ मिमी तो अगदी प्रामाणिकपणे मोजून दाखवेल. म्हणून माझं पहिलं डिझाइनचं काम नेहमी जागा पक्की करणं हे असतं.

जागा पक्की करायची म्हणजे हाडाचा आधार घ्यायचा, कारण सूज आली तरी हाड हलत नाही. मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूचं वर आलेलं हाड, कोपराचं टोक, घोट्याचं हाड, नडगीच्या वरचा तो उंचवटा. पण गंमत अशी की सूज चांगलीच वाढली की हीच हाडं बोटाला लागेनाशी होतात, घोट्याचं तर आधी. म्हणून पायासाठी मला हाडापेक्षा टाचेखालची फळी जास्त आवडते: एक काटकोनी स्टँड, पाऊल फळीवर सपाट, टाच मागे टेकलेली, आणि मागच्या उभ्या दांडीवर दर ४ सेमीला खाच. पट्टा खाचेत अडकवायचा आणि पायाभोवती घ्यायचा. तळव्यापासूनची उंची कोणी मोजलं तरी तीच येते, बोटाने हाड शोधायची भानगड नाही. हातासाठी तसंच, टेबलावर हात पसरून मधलं बोट एका आडव्या अडथळ्याला टेकवायचं आणि तिथून अंतर. मनगट सरळ, मूठ उघडी. दिसायला अगदी मामुली सुताराचं काम आहे, पण तुमच्या प्रोजेक्टमधला सगळ्यात जास्त फायदा देणारा भाग हाच असेल.

एकाच जागी घेर घेऊन भागत नाही, ओघाने आलंच. दर ४ सेमीला घेर घेऊन दोन घेरांच्या मधल्या तुकड्याला कापलेला शंकू धरायचा: वरच्या घेराचा वर्ग, खालच्या घेराचा वर्ग आणि दोघांचा गुणाकार यांची बेरीज, गुणिले उंची, भागिले १२π म्हणजे ३७.७. घेर २४ आणि २६ आणि उंची ४ असेल तर १९९ मिली येतात. सगळे तुकडे जोडले की हात झाला. हात काही गोल नसतो ही शंका येईलच. बरोबर आहे, लंबगोल असतो, आणि त्यामुळे घेरावरून काढलेलं आकारमान नेहमी थोडं जास्त येतं, लांबी-रुंदीचं गुणोत्तर १.२ च्या आसपास असेल तर साधारण सव्वा टक्का. पण ही चूक दर वेळी त्याच दिशेला आणि जवळपास तेवढीच असते, त्यामुळे वजाबाकीत बरीचशी उडून जाते. जी चूक दर वेळी सारखी येते तिच्याशी दोस्ती करता येते, जी दर वेळी वेगळी येते तिने झोप उडते.

आता ताण. शिंप्याचा टेप सुजलेल्या पायावर थोडा ओढला की तो मऊ टिश्यूत रुतणार, आणि सूज जितकी ताजी तितका जास्त रुतणार. म्हणजे नेमक्या सुजलेल्या पेशंटमध्ये घेर कमी भरणार, सूज लपणार. त्यामुळे ताण ठरलेला हवा, माणसाच्या हातावर सोडायचा नाही. पट्ट्याखालचा दाब काढायला सोपं सूत्र आहे, ताण भागिले (त्रिज्या गुणिले पट्ट्याची रुंदी). १ न्यूटन ताण, त्रिज्या ५ सेमी, रुंदी अडीच सेमी घेतली तर ८०० पास्कल, म्हणजे ६ मिमी पारा. एकदा मोजून सोडून देण्यासाठी चालेल. पण दिवसभर घालून ठेवायचा पट्टा असेल तर ६ मिमी पाऱ्यानेही मऊ पायावर वळ उमटतो, आणि पट्ट्याने स्वतःच पाणी बाजूला ढकललेलं असल्यामुळे तुम्ही पाय मोजत नसून पट्ट्याने केलेला खड्डा मोजत असता. ०.३ न्यूटनवर आणलंत तर दाब २ मिमी पाऱ्याच्या खाली येतो, पण मग इतका सैल पट्टा चालताना घसरतो. ही ओढाताण सतत घालायच्या प्रत्येक डिझाइनमध्ये आहे आणि तिच्यावर मला तरी स्वच्छ तोडगा दिसलेला नाही.

पट्ट्याची रुंदीही जरा विचारात घ्या. फार बारीक दोरी रुतते, फार रुंद पट्टा शंकूसारख्या हातावर नीट बसत नाही. वरच्याच उदाहरणात अडीच सेमी रुंद पट्ट्याच्या वरच्या कडेला आणि खालच्या कडेला घेरात सव्वा सेमीचा फरक आहे, म्हणजे वरची कड आवळलेली आणि खाली फट. एक सेमीच्या आसपासची, न ताणणारी पण वाकणारी पट्टी मला बरी वाटते.

हं, आता सेन्सर. तुम्ही म्हणताय तो कार्बन भरलेला स्ट्रेच रबर स्वस्त आहे, डेमोला मस्त दिसतो. एक साधा प्रयोग करा. तो एका धातूच्या सिलिंडरवर ताणून बसवा, हात लावू नका, आणि दहा-पंधरा मिनिटं नुसता आकडा बघत राहा. सिलिंडर सुजत नाहीये, तरी आकडा सरकत राहतो. रबर ताणलं की रेझिस्टन्स उडी मारतो आणि मग बराच वेळ खाली उतरत राहतो, सोडलं तर मूळ जागी येत नाही, शिवाय तापमान आणि घाम यांचं आपलं वेगळंच. श्वास किंवा नाडी मोजायची असती तर हे चाललं असतं, कारण ते सिग्नल सेकंदांत वर-खाली होतात आणि सावकाश सरकणारा भाग फिल्टरने काढून टाकता येतो. पण सूज स्वतःच सावकाश सरकणारी गोष्ट आहे. तुमचा सिग्नल आणि तुमचा ड्रिफ्ट (आकड्याचं हे आपोआप सरकणं) एकाच वेगाने चालतात, त्यांना वेगळं करणारा फिल्टर जगात नाही. मशीन लर्निंगनेही होणार नाही, ते मॉडेल रबर शिकेल, पेशंट नाही.

कॅपॅसिटिव्ह स्ट्रेच सेन्सर यात बरेच बरे, ड्रिफ्ट कमी, सरळ रेषेच्या जवळ. या सगळ्यांचा पूर्वज म्हणजे व्हिटनीने १९५३ साली मांडलेली पाऱ्याने भरलेली रबरी नळी, पाय फुगला की नळी लांबते, पाऱ्याचा रेझिस्टन्स वाढतो. तिने रक्तप्रवाहाच्या अभ्यासात कित्येक दशकं काम केलं, पण तिथेही मोजमाप मिनिटांचं असायचं आणि पेशंट आडवा, स्थिर. पुढे विषारीपणामुळे पाऱ्याऐवजी इंडियम-गॅलियमसारखा मिश्रधातू आला.

माझा सल्ला विचाराल तर सतत घालायचा पट्टा सोडून द्या आणि दिवसातून एकदा मोजायचं डिव्हाइस करा: न ताणणारी पट्टी, मागे ओढून घेणारी एकसमान ताणाची स्प्रिंग, आणि लांबी मोजायला एएस५६०० सारखा मॅग्नेटिक एन्कोडर (चुंबक किती फिरला ते सांगणारी चिप). बारा बिटचा आहे, एका फेऱ्यात ४०९६ पायऱ्या. १० मिमी त्रिज्येच्या रोलरवर एक फेरा ६२.८ मिमी, म्हणजे एक पायरी ०.०१५ मिमी, गरजेपेक्षा कितीतरी जास्त. पण एन्कोडर पट्टी गुंडाळली जाते त्या ड्रमवर लावू नका! पट्टी ०.२ मिमी जाड असेल तर प्रत्येक थराला ड्रमची त्रिज्या ०.२ मिमीने बदलते, म्हणजे २ टक्के, आणि ती थराथराला बदलत जाते. बाहेर पडताना पट्टी एका वेगळ्या छोट्या रोलरवरून न्या आणि एन्कोडर त्याच्यावर बसवा, रोलरला खरखरीत रबर लावा नाहीतर पट्टी घसरते. एएस५६०० फक्त एका फेऱ्यातली जागा सांगतो, फेरे तुम्ही मोजायचे, त्यामुळे पट्टी पूर्ण आत गेली की दर वेळी शून्य करायची सोय हवीच. आणि अजून एक, स्प्रिंग आणि घर्षण यामुळे पट्टी बाहेर ओढताना आणि आत जाताना ताण वेगवेगळा असतो. रीडिंग कायम एकाच दिशेने घ्यायचं, थोडी सैल करून स्प्रिंगला स्वतःहून आवळू द्यायची, स्थिर झाली की दोन सेकंदांनी आकडा पकडायचा. एन्कोडर डिजिटल असल्यामुळे ईएसपी३२ च्या वाकड्या एडीसीचा (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाचा) त्रासही आपोआप गेला.

बाकीच्या पद्धती माहीत असाव्यात म्हणून पटापट सांगतो. पाण्यात पाय बुडवून सांडलेलं पाणी मोजणं, आर्किमिडीजवालं, हे अजूनही तुलनेसाठी चांगलं आहे, सांडलेलं पाणी भांड्याने न मोजता वजन करा, एक ग्रॅम म्हणजे जवळपास एक मिली. जखम असेल तर बाद. पेरोमीटर नावाचं यंत्र इन्फ्रारेड किरणांची चौकट हातावरून सरकवतं, झटपट आणि चांगलं, पण मोठं आणि महाग. मोबाइलच्या थ्रीडी स्कॅनचं आकर्षण सगळ्यांना असतं; गणित करा, पोटरीची त्रिज्या ५.७ सेमी, पृष्ठभाग सगळीकडून १ मिमी बाहेर दिसला तर आकारमानात साडेतीन टक्के. ठिपक्यांची बारीक खरखर सरासरीत जाते, पण ही एकाच दिशेची चूक जात नाही, आणि मोबाइल फिरवेपर्यंत पेशंट हलतो ते वेगळंच. व्हीएल५३एल०एक्स सारखे छोटे लेझर अंतरमापक रिंगमध्ये लावायची आयडिया दर वर्षी कोणीतरी आणतं, त्यांचा झोत २५ अंशांचा असतो, मिमीच्या कामाचे नाहीत ते.

बायोइम्पीडन्सवर मात्र जरा थांबतो, कारण ते वेगळीच गोष्ट मोजतं. कमी फ्रिक्वेन्सीचा बारीक करंट पेशीच्या आत शिरत नाही, पेशीचं आवरण कपॅसिटरसारखं अडवतं, त्यामुळे तो पेशींबाहेरच्या पाण्यातूनच वाहतो. पाणी वाढलं की रेझिस्टन्स कमी. निरोगी आणि बाधित हाताचं गुणोत्तर काढलं की घेर वाढायच्या आधीच काहीतरी सापडू शकतं, लवकर निदानासाठी हे खरंच उपयोगाचं आहे. पण चार इलेक्ट्रोड लागतात, त्यांची जागा परत तशीच पक्की लागते (फिरून तिथेच आलो), आणि जुन्या लिम्फेडेमामध्ये जिथे पाण्याऐवजी चरबी साठलीये तिथे हात केवढा तरी जाड असूनही हे यंत्र जवळजवळ नॉर्मल दाखवू शकतं. पेसमेकरवाल्यांना सहसा लावत नाहीत. आणि अंगातून करंट सोडायचा म्हटलं की आयईसी ६०६०१-१ चा, म्हणजे मेडिकल उपकरणांच्या विद्युत सुरक्षेच्या मानकाचा, पूर्ण धडा गिरवावा लागतो, बीएफ प्रकारच्या (अंगाला लागणाऱ्या, पण जमिनीपासून विद्युतदृष्ट्या वेगळ्या ठेवलेल्या) जोडणीला पेशंटमध्ये जाणारा लीकेज करंट नेहमीच्या स्थितीत १०० मायक्रोॲम्पिअर आणि एखादा बिघाड झाला तरी ५०० च्या आत. फायनल इयरला, गाइड तयारीचा असल्याशिवाय, मी यात पडू नका म्हणेन.

आकडा आला, आता तो वाचायचा कसा. ज्या हाताने माणूस काम करतो तो मुळातच दोन-तीन टक्क्यांनी मोठा असू शकतो. त्यामुळे ऑपरेशनआधीचं माप असेल तर सोनं. उदाहरण बघा: आधी उजवा २१०० मिली, डावा २०००. ऑपरेशन उजव्या बाजूचं. वर्षाने उजवा २३१०, डावा २०५०, कारण दरम्यान वजनही वाढलं. नुसता आजचा फरक बघितला तर २६० मिली, १२.७ टक्के, म्हणजे दोन्ही उंबरठे ओलांडले. पण आधीचं गुणोत्तर १.०५ होतं, आत्ताचं १.१२७, एकाला दुसऱ्याने भागा, खरी वाढ ७.३ टक्के. दुसऱ्या हाताने वजनवाढ सांभाळून घेतली आणि जुन्या मापाने जन्मजात फरक. तुमच्या ॲपमध्ये दोन्ही हात मोजल्याशिवाय सेव्हच होऊ देऊ नका. वेळही रोज तीच, पाय असेल तर सकाळी उठल्या उठल्या, कारण संध्याकाळपर्यंत निरोगी माणसाचाही पाय थोडा भरतो. बसून की झोपून तेही ठरलेलं, स्नायू सैल. पोटरी आवळली की घेर लगेच बदलतो, स्वतःच्या पायावर टेप लावून बघा.

टेस्टिंगला इथे सगळ्यात जास्त फसवणूक होते, स्वतःचीच. पट्टा लावला, दहा रीडिंग घेतली, सगळी अर्ध्या मिमीत आली, रिपोर्टमध्ये रिपीटेबिलिटी झकास. पण पट्टा काढलाच कुठे! प्रत्येक रीडिंगनंतर पूर्ण काढायचा, पेशंटला दोन पावलं चालवायचं, परत बसवून परत लावायचा. शक्यतो दुसऱ्याने लावायचा, पहिल्याचा आकडा त्याला न दाखवता. मग जो पसारा दिसेल तो खरा. त्यावरून मोजमापाची स्टँडर्ड एरर (तेच परत परत मोजलं तर आकडा साधारण किती इकडेतिकडे होतो) काढा आणि तिला २.७७ ने गुणा, त्यापेक्षा लहान बदल तुमचं डिव्हाइस खात्रीने सांगू शकत नाही. एरर ३ मिमी आली तर ८.३ मिमी, म्हणजे आपल्या ६ मिमीच्या ध्येयाला नापास. २ मिमी आली तर ५.५, काठावर पास. दुसऱ्या पद्धतीशी तुलना करताना नुसता कोरिलेशनचा आकडा छापू नका, बारीक आणि जाड हात एकत्र घेतले की कुठलाही टेप ०.९९ देतो. ब्लँड आणि ऑल्टमन या संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये सांगितलेला, दोन पद्धतींमधल्या फरकांचा ग्राफ काढा, परीक्षकही तोच मागतील.

माणसांच्या आधी डमीवर करा. लेथवर वळवलेले ठरलेल्या व्यासाचे सिलिंडर, एक शंकू, आणि एक मऊ सिलिकॉनचा नळा, कारण कडक पाइपवर ताणाची चूक दिसतच नाही. माणसांवर जायचं तर एथिक्स कमिटीची परवानगी आधी. डॉक्टर सोबत असतील तर एक छान चाचणी आहे, मांडीला कफ लावून ४०-५० मिमी पाऱ्यापर्यंत फुगवायचा, रक्त पायात येतं पण परत जात नाही आणि काही मिनिटांत पोटरी दोन-तीन टक्क्यांनी भरते. ती वाढ पट्ट्याला दिसली नाही तर बाकीचं सगळं सोडा.

वापरणाऱ्याचाही विचार करा जरा. लिम्फेडेमाच्या बाईला स्वतःचा हात मोजायला एकच हात मोकळा आहे, तुमचा बकल दोन हातांनी लागत असेल तर ती घरी वापरणारच नाही. हार्ट फेल्युअरच्या म्हाताऱ्या माणसाला वाकून घोट्याशी पोचता येत नाही, वाकलं की दम लागतो. सुजलेली कातडी नाजूक असते, सोलवटली की इन्फेक्शन, म्हणून पट्टीच्या कडा गोल, आणि एकच पट्टी अनेकांना लावणार असाल तर स्पिरिटने पुसली तरी तिच्यावरचे आकडे आणि लांबी टिकली पाहिजे. त्वचेला लागणाऱ्या मटेरियलसाठी आयएसओ १०९९३, रिस्कसाठी १४९७१, सॉफ्टवेअरसाठी आयईसी ६२३०४. आत्ता पूर्ण पाळायची गरज नाही, पण रिस्कची एक फाइल पहिल्या आठवड्यापासून लिहायला घ्या, शेवटी लिहायला बसलं की सगळं काल्पनिक होतं.

स्क्रीनवर दशांश दाखवू नका. २१०३.४ मिली दिसलं की पेशंट काल २१०१.९ होतं म्हणून घाबरतो. आणि मशीन लर्निंगचं म्हणाल तर पुरेशा पेशंटचा, काढून-घालून घेतलेला, वेळ आणि स्थिती नोंदवलेला डेटा जमला की बघू. तोवर सात दिवसांची सरासरी आणि तिच्या वर-खाली तुमच्या २.७७ वाल्या आकड्याएवढी मर्यादा, तिच्या बाहेर लागोपाठ दोन रीडिंग गेली की सूचना, एवढं लॉजिक पुरे.

टाचेच्या स्टँडचं पहिलं मॉडेल प्लायवूडमध्येच करा, थ्रीडी प्रिंटच्या मागे लागू नका. खाचांमधलं अंतर व्हर्निअरने तपासा, आणि त्यावर घरातल्या चार वेगवेगळ्या जाडीच्या माणसांचे पाय ठेवून बघा, मागची दांडी पोटरीला लागते का ते तिथेच कळेल.